जुन्या जनगणनेत पणजोबा सापडतील का?

प्रश्न : माझे पणजोबा १८९५ च्या सुमारास कोकणातून ठाण्यास आले आणि रेल्वेत नोकरीस लागले, एवढेच आमच्या घरात सांगितले जाते. त्यांचे नाव आणि आडनाव माहीत आहे. परंतु त्यांच्या वडिलांचे नाव, मूळ गाव आणि पणजोबांच्या मृत्यूचे वर्ष यांबाबत दोन चुलत घराण्यांत दोन मते आहेत. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मावसभावाने त्याच्या इंग्रज पत्नीच्या घराण्याचा १९११ च्या जनगणनेतील कागद आम्हांला दाखविला. त्यावर घरातील प्रत्येकाचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मगाव कुटुंबप्रमुखाच्याच हस्ताक्षरात लिहिलेले आहे. आमच्या पणजोबांच्या घराचा १९०१ च्या जनगणनेतील असा कागद कोठे मिळेल?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : असा कागद मिळणार नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. १९०१ ची गणना १ मार्चच्या रात्री झाली. त्या रात्री जो जेथे मुक्कामास असेल तेथे त्याची नोंद करावयाची, अशी तेव्हाची पद्धत होती आणि ती १९३१ पर्यंत चालू राहिली. प्रगणकाने आधी घरोघर जाऊन भरलेली यादी त्या रात्री पुन्हा पडताळली जाई, आणि त्यावरून पुढे प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी तयार करून त्या चिठ्ठ्यांची धर्म, वय, व्यवसाय, भाषा अशा निकषांवर वर्गवारी केली जाई. सरकारला हवे होते ते या वर्गवारीतून निघालेले आकडे. कोष्टके छापून झाल्यावर मूळ याद्या आणि चिठ्ठ्या जपून ठेवण्याचे कारण कोणास वाटले नाही, आणि त्या नष्ट झाल्या. आपल्याकडे १८७२ पासूनचे जनगणना अहवाल उपलब्ध आहेत व त्यांपैकी बरेचसे जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मात्र त्यांत माणसांची संख्या आहे, नावे नाहीत.

ब्रिटनमध्ये कुटुंबवार कागद राखून ठेवले गेले आणि ते शंभर वर्षांनी लोकांसाठी खुले होतात, म्हणून आपल्या मावसभावाला ते पाहता आले. तेथील १९२१ ची गणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. तथापि तेथेही सर्व आलबेल आहे असे नाही. इंग्लंड आणि वेल्सचे १९३१ चे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. अमेरिकेत ७२ वर्षांची मुदत आहे. तेथील १८९० ची गणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ संपूर्ण गमावली गेली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तीविषयीची नोंद पाहण्याचा हक्क कोणासही ठेवलेला नाही आणि त्या गोपनीयतेला शंभर वर्षांची वा अन्य कोणतीही मुदत घातलेली नाही. तेव्हा ‘जुन्या जनगणनेतील उतारा काढून देतो’ असे म्हणून कोणी पैसे मागितल्यास ते देऊ नयेत.

मग छापील अहवालाचा आपणांस काय उपयोग? माझ्या मते तो दुय्यम आहे, पण निरुपयोगी नाही. १९०१ मध्ये ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १६ हजार होती. २०११ मध्ये ती १८ लाख ४१ हजारांवर गेली. सोळा हजारांच्या गावात शाळा थोड्या आणि नगरपालिका एकच, म्हणजे शोधावयाची दप्तरेही मोजकीच. शिवाय १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते आणि माणसे घरे सोडून माळावर, गावी, नातेवाइकांकडे जात-येत होती. आपले पणजोबा १ मार्च १९०१ च्या रात्री ठाण्यात होते की गावी, हे आज कोणी सांगू शकत नाही. मूळ यादी टिकली असती तरी ती नक्की कोणत्या गावाची पाहावयाची हा प्रश्न उरलाच असता.

आता खऱ्या कामाकडे वळू. पूर्वजाचा शोध घेताना अनेकजण सर्वांत जुन्या माणसापासून आरंभ करतात आणि तेथेच अडकतात. आपण आजोबांपासून आरंभ करावा. आजोबा १९०५ ते १९१० च्या दरम्यान जन्मले असे गृहीत धरले, तर ते १९१० ते १९१७ च्या दरम्यान ठाण्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत दाखल झाले असतील. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे संपूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. जन्मठिकाणापुढे कोकणातील गाव लिहिलेले असेल, तर आपला निम्मा वाद मिटला, कारण त्या काळी पहिल्या बाळंतपणासाठी स्त्रिया माहेरी जात असल्या तरी पुढची मुले बहुधा सासरच्या मूळ घरी जन्मत. म्हणून आजोबांच्या एकट्याची नोंद पाहून थांबू नये. त्यांच्या सर्व भावांच्या नोंदी पाहाव्यात. नगरपालिकेने चालविलेल्या शाळांची रजिस्टरे आज महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असलेल्या शाळांत सापडतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि अर्जात नेमकी पाच-सहा वर्षे नमूद करावीत. ‘सर्व जुनी रजिस्टरे दाखवा’ अशा अर्जाला कोणतेही कार्यालय उत्साहाने उत्तर देत नाही, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही.

पणजोबांचा मृत्यू ठाण्यात झाला असल्यास त्याची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी विभागात शोधावी. मृत्यूचे वर्ष अनिश्चित असेल तर घरातील श्राद्धाची तिथी विचारून घ्यावी. तिथी पिढ्यानपिढ्या पाळली जाते आणि वर्ष विसरले जाते. पण तिथीवरून निदान महिना निश्चित होतो आणि रजिस्टराची बारा महिन्यांची पाने चाळण्याऐवजी दोनेक महिन्यांचीच चाळावी लागतात. गावी त्यांची जमीन असेल तर आणखी चांगले. मृत्यूनंतर वारसांची नावे लागताना फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, मृत व्यक्ती कधी वारली आणि तिचे वारस कोण हे लिहिले जाते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यामुळे त्यानंतर वारलेल्या खातेदाराचा मृत्यू या वहीत सापडण्याची शक्यता पुष्कळ असते. गाव खोतीचे असेल आणि आपले घराणे कुळ म्हणून जमीन कसत असेल, तर सर्व्हेच्या वेळचे बोटखत, म्हणजे खोती गावातील जमिनी आणि त्या कसणाऱ्यांची नोंदवही, विचारावे.

जुन्या नोंदींत आडनाव सापडेलच असे नाही. ‘राघो बिन धाकू’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यात ‘बिन’ च्या पुढचे नाव वडिलांचे असते. मुसलमान कुटुंबांच्या नोंदींत ‘वलद’ येते, क्वचित हिंदू नोंदींतही. विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून पतीचे नाव येते. वयाबाबत सावध राहावे. जुन्या जनगणना अहवालांतच अशी तक्रार आहे की लोक आपले वय शून्य किंवा पाच या अंकावर संपणारे सांगतात. चाळीस वर्षांचे म्हणून लिहिलेले गृहस्थ छत्तीसचे वा चव्वेचाळीसचे असू शकतात. आणखी एक गोष्ट अशी की, जुन्या कागदांत ठाणे शहराचा तालुका ‘साष्टी’ असा लिहिलेला आढळतो. अनुक्रमणिकेत ‘तालुका ठाणे’ शोधून काही मिळाले नाही म्हणून परत फिरू नये.

आपल्या दोन चुलत घराण्यांच्या दोन कथांपैकी कोणती खरी, हे कागद मिळेपर्यंत ठरवू नये अशी विनंती आहे. घरातील कथा कोठे शोधावे हे सांगते. काय सापडले ते मात्र नोंदीवरूनच लिहावे. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्यातील कोणी अस्थिविसर्जनास किंवा यात्रेस गेले असल्यास त्यांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या वह्यांत, आलेल्याचे नाव, गाव आणि सोबतच्या नातलगांची नावे सापडतात. तेथे आडनाव आणि मूळ गाव सांगावे लागते, म्हणून शाळेच्या रजिस्टरानंतर, गाव निश्चित झाल्यावरच तेथे जावे.

प्रश्न : आम्ही घणसोली गावचे मूळ रहिवासी, आगरी समाजाचे. आमच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादित झाल्या. आमचे घराणे या गावात किती पिढ्यांपासून आहे, हे जनगणनेच्या जुन्या कागदांवरून दाखविता येईल का?
— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : घराण्याविषयी जनगणना काही सांगणार नाही, गावाविषयी सांगेल. १९५१ पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या. ठाणे जिल्ह्याच्या १९५१ च्या पुस्तिकेत गावागणिक घरे, स्त्री-पुरुष, साक्षर आणि उपजीविकेचे वर्ग दिलेले आहेत. उपजीविकेचे त्या वर्षी आठ वर्ग होते, चार शेतीचे आणि चार इतर. आपल्या गावात स्वतःची जमीन कसणारे किती, कुळे किती आणि मजूर किती, हे त्या पानावरून समजते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले; तेव्हा १९५१ आणि १९६१ च्या पुस्तिका ही या गावांची शहरापूर्वीची अखेरची गावागणिक छायाचित्रे आहेत, आणि म्हणूनच प्रत्येक गावाच्या मंडळाने त्यांतील आपापले पान काढून ठेवावे असे मला वाटते.

घराण्याच्या शोधात मात्र आपली स्थिती नौपाड्याच्या वाचकांपेक्षा पुष्कळच चांगली आहे. शहरात भाड्याने राहिलेला माणूस कागदावर फारसा उमटत नाही. जमिनीशी जोडलेला उमटतो. संपादनाचा निवाडा आपल्याकडे असेलच. त्यात सर्व्हे नंबर आणि त्या वेळच्या खातेदारांची नावे असतात. त्या सर्व्हे नंबरवरून जुना सातबारा काढावा. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात, ते एकामागून एक मागे वाचत जावे. प्रत्येक वारस फेरफार आपणांस एक पिढी मागे नेतो. त्याच्याही मागे कडईपत्रक आणि सर्व्हेचे मूळ पत्रक हे आणखी जुने महसुली कागद आहेत. ठाणे जिल्ह्यातील बऱ्याच गावांचे जुने सातबारा आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर प्रतिमारूपात आहेत. जे तेथे नसतील त्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा.

आपले पूर्वज मालक नसून कुळ असतील, तर केवळ नमुना ७ पाहून निराश होऊ नये. पिकांच्या पत्रकात, म्हणजे नमुना १२ मध्ये, प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव येई. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरविण्यासाठी जी प्रकरणे चालली, त्यांत कुळांचे जबाब आहेत आणि ‘माझा बाप व आजा ही जमीन करीत होते’ अशा आशयाची वाक्ये त्यांत येतात. वंशावळीच्या दृष्टीने अशा जबाबाचे मोल सातबाऱ्याहून अधिक आहे, कारण सातबारा फक्त नाव देतो आणि जबाबात नाते सांगितलेले असते.

स्त्रियांची नावे शोधणे कठीण जाईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारस नोंदींत बहुधा मुलगेच येतात, फार तर विधवा येते; मुलींचा उल्लेख नसतो. पणजीचे माहेर आणि आत्यांची नावे हवी असतील तर जन्मनोंदी आणि घरातील वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती हेच दोन आधार आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्याचा उपयोग आजच करून घ्यावा.

जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत, त्याचे भान राहू द्यावे. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल हा ठाणे जिल्ह्याचा तालुका म्हणून वर्णिलेला आहे. पुढे तो कुलाब्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. आपले नातेसंबंध खारघर, कळंबोलीकडील गावांशी असतील तर त्या बाजूचे कागद अलिबागेस पाहावे लागतील. वसई, पालघर, डहाणूकडील सोयरिकींसाठी २०१४ मध्ये झालेला पालघर जिल्हा लक्षात ठेवावा.

प्रश्न : आमच्या खापरपणजोबांचे धाकटे बंधू रत्नागिरी जिल्ह्यातून ‘मोरिशसला ऊस तोडायला’ गेले आणि परत आले नाहीत, असे आजी सांगत असे. इतक्या दूरच्या माणसाचा काही मागमूस लागेल का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : गंमत अशी आहे की, गावी राहिलेल्या थोरल्या भावापेक्षा समुद्रापार गेलेल्या धाकट्याचा माग लागण्याची शक्यता अधिक आहे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर मॉरिशसला पोहोचले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसे होती आणि त्यांचे मराठी वंशज आजही तेथे आहेत. बोटीतून उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई आणि नोंदवहीत त्याचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव व बोटीचे नाव लिहिले जाई. पुढील काळातील मजुरांची छायाचित्रेही घेतली गेली. मळेवाल्याला आपल्या मजुराची ओळख पटावी आणि तो पळून जाऊ नये, यासाठी ही सारी तपशीलवार व्यवस्था होती, हे विसरता येत नाही. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत आणि तेथे वंशशोधासाठी चौकशी करता येते. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट, जेथे हे मजूर उतरत, तो २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

पत्र लिहिताना नावाचे एकच रूप देऊ नये. कारकुनाने कानांवर पडले तसे रोमन लिपीत लिहिल्यामुळे ‘गोविंद’ आणि ‘विठू’ यांची निरनिराळी रूपे होतात, गावाचे नाव तर ओळखू न येण्याइतके बदलते. जिल्हा, जात, अंदाजे वर्ष आणि वडिलांचे नाव या चार गोष्टी द्याव्यात. यांपैकी वडिलांचे नाव जुळले तरच नाते मानावे. नाव आणि जिल्हा एवढेच जुळणारी माणसे अनेक निघतील.

प्रश्न : जात पडताळणीसाठी १९३१ च्या जनगणनेचा पुरावा चालतो का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : चालत नाही. १९३१ च्या गणनेत जातींची संपूर्ण कोष्टके प्रसिद्ध झाली हे खरे, परंतु ती जिल्हावार आकड्यांची आहेत आणि त्यांवरून एका व्यक्तीची जात ठरत नाही. पडताळणीसाठी अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ यांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. शाळेच्या रजिस्टरातील आजोबांची नोंद, कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना १४ मधील, जन्म-मृत्यूची नोंद आणि जुने महसुली कागद हे नेहमीचे आधार आहेत. आगामी जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ असून तीत जातींची गणना होणार आहे. तिचेही व्यक्तिगत कागद कायद्याने गोपनीयच राहतील.

प्रश्न : माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे एक दप्तर सापडले. घराणे मूळचे ठाण्याच्या किल्ल्याच्या परिसरातील. हे कागद कोणाकडून वाचून घ्यावेत, आणि आमच्या घराण्याचे आणखी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात असतील का?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : प्रथम कागदांना चिकटपट्टी लावू नका आणि ते लॅमिनेट करू नका. घड्या सावकाश उलगडून, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. शिक्के आणि पाठीवरचा मजकूर बहुधा वगळला जातो आणि तारीख तेथेच असते. दप्तरातील कागदांचा क्रम बदलू नका, कारण एकत्र बांधलेले कागद सहसा एकाच व्यवहाराचे असतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देते आणि मोडी जाणणाऱ्यांची माहिती तेथे मिळू शकते. वाचून घेताना देवनागरी लिप्यंतर ओळीला ओळ जुळवून मागावे. केवळ सारांश घेऊ नये, कारण साक्षीदारांची आणि शेजाऱ्यांची नावे सारांशात गळतात आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात.

पेशवे दप्तराविषयीची अपेक्षा मर्यादित ठेवावी. साष्टी आणि ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांकडे आले आणि १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. म्हणजे साष्टी बेटावरील घराण्यांसाठी पुण्याच्या दप्तरात पाहण्यासारखा काळ जेमतेम सदतीस वर्षांचा आहे. त्यानंतरचे कागद मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात शोधावेत. खाडीपलीकडे, कल्याण प्रांतात आपल्या घराण्याची जमीन असेल तर गोष्ट वेगळी. तेथे पेशव्यांचा अंमल १८१७-१८ पर्यंत होता.

कागदांवरील सन ओळखण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे : शके लिहिलेले असल्यास त्यात ७८ मिळवावेत आणि फसली, म्हणजे महसुली सन, असल्यास ५९०. फसली वर्ष मृगाच्या सुमारास, जूनच्या आरंभी बदलते, म्हणून महिना पाहिल्याशिवाय इसवी सनाचे एकच वर्ष लिहू नये. महिना वाचता येत नसेल तर दोन्ही वर्षे लिहून ठेवावीत.